बारा बाय आठच्या बॅटरीत कूलोम किती?

प्रश्न : आमच्याकडे बॅटरीवर चालणारा फवारणीचा पंप आहे. त्याच्या बॅटरीवर ‘१२ व्होल्ट, ८ एएच’ असं छापलेलं आहे. माझ्या मोबाइलची बॅटरी ५००० एमएएचची आणि घरच्या इन्व्हर्टरची १५० एएचची. माझी मुलगी बारावीला आहे. ती म्हणते, विद्युतप्रभार कूलोममध्ये मोजतात. आणि महावितरणचं बिल तर युनिटमध्ये येतं. हे सगळं विजेचंच मोजमाप असेल, तर एकाचं दुसऱ्यात रूपांतर कसं करायचं? आणि पाच हजारवाली बॅटरी खिशात मावते, आठवाली मात्र पाठीवर घ्यावी लागते, हे कसं काय?
— एक शेतकरी वाचक, दर्यापूर तालुका

उत्तर : तुमच्या प्रश्नातली चार एककं एका घरची नाहीत, म्हणून घोटाळा होतो. एमएएच, एएच आणि कूलोम ही तिन्ही विद्युतप्रभाराची एककं आहेत. त्यांचं आपसात रूपांतर अगदी सरळ आहे, पाचवीतल्या गुणाकार-भागाकारावर भागतं. बिलावरचं युनिट मात्र ऊर्जेचं आहे. प्रभारातून थेट युनिटात जाता येत नाही, मध्ये व्होल्ट लागतात. आधी सोपं ते उरकू.

‘एमएएच’मधला पहिला ‘एम’ मिलीचा, म्हणजे हजारावा भाग. ५००० मिलीअँपिअर-तास म्हणजे ५ अँपिअर-तास. पंपाची ८ अँपिअर-तासाची बॅटरी त्याच भाषेत लिहिली तर ८००० होते. म्हणजे मोबाइलची बॅटरी पंपापेक्षा लहानच आहे, फक्त तिचा आकडा लहान मापात लिहिला आहे. जुन्या साध्या मोबाइलची बॅटरी जेमतेम एक अँपिअर-तासाच्या आसपास असायची. तेव्हा मिलीमध्ये लिहिणं सोयीचं होतं, आणि पुढे बॅटऱ्या वाढल्या तरी तीच पद्धत राहिली.

आता कूलोम. अँपिअर हा वेग आहे : तारेतून दर सेकंदाला एक कूलोम प्रभार जात असेल, तर ती एक अँपिअरची धारा. हीच धारा तासभर चालू ठेवली तर किती प्रभार गेला? तासात ३६०० सेकंद, म्हणून ३६०० कूलोम. झालं, एवढंच सूत्र आहे. अँपिअर-तासाला ३६०० ने गुणलं की कूलोम, आणि कूलोमला ३६०० ने भागलं की अँपिअर-तास. मिलीअँपिअर-तास असतील तर ३.६ ने गुणायचं. त्यामुळे तुमच्या पंपाच्या बॅटरीचे ८ × ३६०० = २८,८०० कूलोम, मोबाइलच्या बॅटरीचे १८,००० आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीचे ५,४०,०००. मुलीचं पुस्तक आणि बॅटरीवरचं लेबल एकच गोष्ट सांगतात, एक सेकंदात मोजतं आणि दुसरं तासात.

इथे एक चूक फार जण करतात. ‘एएच’ला ते ‘अँपिअर प्रति तास’ म्हणतात, दुकानातही हे ऐकू येतं. हा भागाकार नाही, गुणाकार आहे. ८ अँपिअर-तास म्हणजे एक अँपिअर घेतला तर आठ तास, दोन घेतले तर चार तास. पंपाची मोटर अडीच अँपिअर ओढत असेल, तर ८ भागिले २.५, म्हणजे हिशेबाने तीन तासांच्या थोडं वर. चार्जर १.७ अँपिअरचा असेल तर तेच ८ परत भरायला पावणेपाच तास, आणि भरताना काही भाग वाया जातो म्हणून प्रत्यक्षात त्याहून तास-दीड तास जास्त धरावा.

आता तुमच्या प्रश्नाचा खरा गाभा. पंप आणि मोबाइल यांच्या प्रभारात फरक किती? २८,८०० विरुद्ध १८,०००, म्हणजे दुपटीलाही कमी. पण कामात फरक किती! एक बॅटरी टाकीतलं औषध तासन्‌तास दाबाने फेकते, दुसरी एक पडदा उजळते. हे कोडं प्रभाराच्या आकड्यातून सुटत नाही.

वावरातून जिनिंगवर कापसाच्या बंड्या निघाल्या आहेत असं समजा. एकूण किती बंड्या गेल्या, तो प्रभार. तासाला किती बंड्या गेल्या, ती धारा. आणि एकेका बंडीवर किती क्विंटल कापूस लादला होता, ते व्होल्ट. जिनिंगवर एकूण माल किती पोचला हे नुसत्या बंड्या मोजून कळणार नाही. बंड्यांची संख्या आणि दर बंडीमागचे क्विंटल यांचा गुणाकारच करावा लागेल. शिवाय बंड्या जिनिंगवर संपून जात नाहीत, माल उतरवून रिकाम्या परत येतात. विजेतही नेमकं हेच घडतं. प्रभार खर्च होत नाही. बॅटरीच्या एका टोकातून जितके इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, तितकेच दुसऱ्या टोकातून आत येतात. खर्च होते ती त्यांच्यावर लादलेली ऊर्जा.

म्हणून कूलोमला व्होल्टने गुणलं की ऊर्जा मिळते, ज्यूलमध्ये. अँपिअर-तासाला व्होल्टने गुणलं तर वॅट-तास मिळतात. आपल्याकडे कृषी केंद्रात पंप मागताना लोक ‘बारा बाय आठचा द्या’ किंवा ‘बारा बाय बाराचा द्या’ म्हणतात. यातला ‘बाय’ खरोखरच गुणिले आहे, आणि त्या गुणाकाराचं उत्तर म्हणजेच बॅटरीची ऊर्जा. बारा बाय आठ म्हणजे ९६ वॅट-तास, बारा बाय बारा म्हणजे १४४. मोबाइलची बॅटरी ३.८५ व्होल्टच्या आसपास असते, म्हणून तिचे ५ × ३.८५, सुमारे १९ वॅट-तास. प्रभारात पंप मोबाइलच्या दीडपटीहून थोडा जास्त, पण ऊर्जेत पाचपट. तुमच्या पाठीवरच्या ओझ्याचं एक कारण हे. दुसरं कारण शिसं. शिशाची बॅटरी तेवढ्याच ऊर्जेला लिथियमच्या कितीतरी पट जड भरते, आणि त्यामुळेच अलीकडे लिथियम बॅटरीचे हलके पंपही विकायला आले आहेत.

बिलावरचं एक युनिट म्हणजे १००० वॅट-तास, किंवा ३६ लाख ज्यूल. पंपाची बॅटरी पूर्ण भरली तर त्यात युनिटचा दहावा भागही नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीत १५० × १२ = १८०० वॅट-तास, म्हणजे १.८ युनिट. भारनियमनाच्या वर्षांत वऱ्हाडात घरोघरी ज्या जड बॅटऱ्या आल्या, त्यांची पूर्ण ताकद दोन युनिटांच्या आतली होती, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटतं. मुख्य वाहिनीची वीज आपण किती सहज वापरून टाकतो, याचा हा अंदाज आहे.

व्होल्ट विसरल्याने होणारी आणखी एक फसगत पॉवर बँकेची. तिच्यावर १०,००० एमएएच लिहिलेलं असतं, पण ते आतल्या ३.७ व्होल्टच्या बॅटरीचं माप. यूएसबीतून वीज बाहेर येते ५ व्होल्टने. ऊर्जा तीच ३७ वॅट-तास. व्होल्ट वाढले, म्हणून प्रभार कमी होणारच : ३७ भागिले ५, म्हणजे ७४०० एमएएच, आणि रूपांतरात होणारी घट धरली तर सहा-साडेसहा हजार. पॉवर बँकेच्या पाठीवर बारीक अक्षरात हा दुसरा आकडा बहुधा छापलेला असतो. तो पाहून ‘दहा हजार सांगून सहा हजार दिले’ अशी तक्रार कानावर येते, पण बहुतेक वेळा तो खोटेपणा नसतो, दोन्ही आकडे आपापल्या व्होल्टला बरोबर असतात. विमान कंपन्यांनी या गोंधळावर चांगला तोडगा काढला आहे, त्या थेट वॅट-तास विचारतात. एप्रिल २०२५ पासून आपल्या बेलोऱ्याहून मुंबईचं विमान सुरू झालं आहे, तेव्हा हे लक्षात ठेवण्यासारखं. १०० वॅट-तासांपर्यंतची पॉवर बँक हातातल्या सामानात चालते. २०,००० एमएएचची असेल तर ३.७ व्होल्टने ती ७४ भरते, म्हणजे चिंता नाही.

दोन बॅटऱ्यांच्या इन्व्हर्टरबद्दलही असाच गैरसमज आहे. १५० अधिक १५०, झाले ३०० एएच, असं सरसकट म्हणतात. बॅटऱ्या एकीच्या धन टोकाला दुसरीचं ऋण टोक अशा ओळीने जोडल्या असतील, तर एकच प्रभार दोघींतूनही जातो, तो दोनदा मोजायचा नसतो. व्होल्ट मात्र दुप्पट होतात : २४ व्होल्ट, १५० एएच. धन टोकाला धन आणि ऋणाला ऋण जोडलं तरच ३०० एएच, पण मग व्होल्ट बाराच. दोन्हीकडे ऊर्जा ३६०० वॅट-तास.

इन्व्हर्टरच्या बॅटरीवर ‘सी-२०’ असंही लिहिलेलं दिसेल. ते पाहून तुमची मुलगी कदाचित वीस कूलोम वाचेल, कारण पुस्तकात कूलोमची खूण ‘सी’ हीच आहे. इथे तिचा कूलोमशी संबंध नाही. याचा अर्थ १५० अँपिअर-तास हा आकडा वीस तासांत सावकाश रिकामी करून काढला आहे, म्हणजे साडेसात अँपिअरने. घरात दोन-तीन पंखे, दिवे आणि टीव्ही मिळून तीस अँपिअर ओढले गेले, तर साध्या भागाकाराने पाच तास येतात, पण शिशाची बॅटरी त्याहून कमीच देते. घाईने वीज काढली की प्लेटच्या आतल्या भागापर्यंत आम्ल वेळेवर पोचत नाही, आणि आत माल शिल्लक असतानाच बॅटरी मान टाकते. सौर संचाच्या बॅटऱ्यांवर बहुधा ‘सी-१०’ असतं, म्हणजे दहा तासांचं माप. दोन बॅटऱ्यांचे आकडे सारखे असून एक सी-१० ची आणि दुसरी सी-२० ची असेल, तर सी-१० वाली खरी मोठी. घेताना हे विचारून घ्या.

आता मी थोडा थांबणार आहे, कारण ‘बॅटरीत २८,८०० कूलोम आहेत’ असं आपण बोललो त्यात एक मोठी गंमत दडली आहे. बॅटरीत एवढा प्रभार साठवलेला नसतो. भरलेली असो की रिकामी, तिचा एकूण प्रभार शून्यच असतो, जेवढा धन तेवढाच ऋण. २८,८०० हा आकडा बॅटरी पूर्ण रिकामी होईतो तारेतून किती प्रभार फिरवू शकते, याचा आहे.

खरोखरचा सुटा प्रभार साठवायचा म्हटला तर एक कूलोमसुद्धा अवाढव्य आहे. एक-एक कूलोमचे दोन सुटे प्रभार एक मीटर अंतरावर ठेवले, तर ते एकमेकांना नऊ लाख टन वजनाएवढ्या जोराने ढकलतील. हा जोर अंतर आणि प्रभारानुसार कसा बदलतो, ते फ्रेंच सैन्यातला अभियंता शार्ल ओग्युस्तँ द कूलोम याने १७८५ मध्ये पीळ पडणाऱ्या तारेच्या तराजूवर मोजून दाखवलं. त्याच्या नावाचं एकक त्याच्या हयातीत नव्हतंच. ते १८८१ मध्ये पॅरिसला भरलेल्या विद्युत परिषदेत ठरलं, त्याच्या मृत्यूनंतर पाऊणशे वर्षांनी.

हिवाळ्यात अकोल्याच्या कोरड्या हवेत टेरिकॉटचा शर्ट काढताना तडतड ठिणग्या उडतात. तिथे अंगावर खरोखरच सुटा प्रभार जमलेला असतो, आणि तो भरतो कूलोमच्या दहा लाखाव्या भागाच्या आसपास. व्होल्ट मात्र काही हजार असतात, म्हणून चटका जाणवतो. उलट पंपाच्या बॅटरीची दोन टोकं कोरड्या बोटांनी धरली तर काही कळतही नाही. बारा व्होल्टच्या जोरावर कोरड्या कातडीतून नाव घेण्याजोगी धारा जाऊ शकत नाही. पण त्याच दोन टोकांवर पान्हा आडवा पडला, तर लोखंडातून शेकडो अँपिअर धावतात आणि भाजतं. तेव्हा बॅटरी सोडवताना हातातल्या अंगठी-कड्याकडे लक्ष असू द्या.

आणि आभाळातली वीज? एका लखलखाटात साधारण पंधरा-वीस कूलोम प्रभार जमिनीवर येतो. तुमच्या मोबाइलच्या बॅटरीतून फिरणाऱ्या प्रभाराचा हा हजारावा भाग! मग ती एवढी भयंकर का? एक तर ढग आणि जमीन यांच्यात कोट्यवधी व्होल्ट असतात, त्यामुळे एकेका कूलोममागे प्रचंड ऊर्जा. ढोबळ हिशेबाने एका लखलखाटात शंभर कोटी ज्यूल, म्हणजे पावणेतीनशे युनिट. आणि दुसरं, हा प्रभार सेकंदाच्या बारीकशा भागात उतरतो, म्हणून धारा तीस हजार अँपिअरच्या घरात जाते. मोबाइल तेच काम दिवसभर पुरवून करतो. मृगाच्या सुमारास पेरणीची घाई असते आणि परतीच्या पावसात सोयाबीन काढायचं असतं, नेमक्या त्याच दिवसांत आपल्याकडे वीज पडून माणसं जातात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ हे अॅप वीस आणि चाळीस किलोमीटरच्या परिघातल्या विजांची सूचना देतं. ते मोबाइलवर घालून ठेवा. गडगडाट ऐकू येऊ लागला की झाडाखाली न थांबता पक्कं घर गाठा, पाठीवर पंप असेल तर तो वावरातच राहू द्या.

मुलीसाठी आणखी तीन एककं सांगून ठेवतो. पहिलं इलेक्ट्रॉनचा प्रभार, निसर्गाचं स्वतःचं नाणं. २० मे २०१९ पासून त्याचं मूल्य १.६०२१७६६३४ गुणिले १० चा उणे १९ वा घात कूलोम असं कायमचं ठरवून टाकलं आहे, आणि आता अँपिअरची व्याख्याच त्यावरून होते. उलटा भागाकार केला की एका कूलोममध्ये सुमारे सव्वासहा अब्ज गुणिले अब्ज इलेक्ट्रॉन निघतात. दुसरं स्थिरविद्युत एकक, जुन्या पुस्तकांतलं. एक कूलोम म्हणजे अशी सुमारे तीन अब्ज एककं. परीक्षेपुरतं पाहिलं तरी पुरे. तिसरं फॅरेडे, रसायनशास्त्रवाल्यांचं. एक मोल इलेक्ट्रॉनांचा एकूण प्रभार म्हणजे एक फॅरेडे : ९६,४८५ कूलोम, किंवा २६.८ अँपिअर-तास.

हे तिसरं एकक मला फार आवडतं, कारण त्याने बॅटरीच्या पोटात डोकावता येतं. तुमची ८ अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे जवळपास ०.३ फॅरेडे. शिशाचा अणू दर वेळी दोन इलेक्ट्रॉन देतो, आणि एक मोल शिसं २०७ ग्रॅमचं. म्हणून एका फॅरेडेला एकशे साडेतीन ग्रॅम शिसं लागतं, आणि ०.३ फॅरेडेला सुमारे ३१ ग्रॅम. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घरं ओळीने जोडलेली असतात आणि तोच प्रभार सहाही घरांतून जातो, म्हणून प्रत्येक घरात ३१ ग्रॅम, सगळी मिळून १८६ ग्रॅम. बॅटरी पूर्ण उतरते तेव्हा ऋण प्लेटांवरचं इतकं शिसं पांढऱ्या लेड सल्फेटमध्ये बदललेलं असतं. चार्जिंग म्हणजे त्याचं पुन्हा शिसं करणं.

हे लगेच केलं तर सल्फेट मऊ, बारीक कणांचं असतं आणि परत फिरतं. उतरलेली बॅटरी तशीच ठेवली तर कण मोठे आणि टणक होतात, मग कितीही तास चार्जर लावा, ८ चे चार-पाचच अँपिअर-तास उरतात. पऱ्हाटीची शेवटची फवारणी झाली की पंप कोठ्यात जातो तो थेट पुढच्या हंगामात बाहेर निघतो, आणि ‘बॅटरी एकाच सालात गेली’ म्हणून दुकानदाराशी वाद होतो. न वापरताही बॅटरी आपोआप उतरत असते, आणि दर दहा अंश तापमानवाढीला हा उतार ढोबळमानाने दुप्पट होतो. अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, टिनाच्या छपराखाली त्याहून जास्त. म्हणून हंगाम संपताना बॅटरी पूर्ण भरून ठेवा, उन्हाळ्यात ती घरातल्या थंड कोपऱ्यात आणा, आणि महिन्या-दीड महिन्यातून एकदा चार्जर लावा. मल्टीमीटर असेल तर न वापरता ठेवलेल्या बॅटरीचे व्होल्ट पाहा. १२.४ च्या खाली आले असतील तर महिना पुरा होण्याची वाट न पाहता त्याच दिवशी भरा.